पाण्याच्या इंजिनाला दिलेला होकार

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्या तीस वर्षांत चुकीचं उत्तर एकदाही गोड मानून घेतलं नाही. पोरं मला घाबरायची, हेडमास्तरही थोडे बिचकूनच असायचे. चुकीचं काही कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ही खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. म्हणून पुढचं लिहायला हात धजत नव्हता. जिथं 'नाही' म्हणायला हवं होतं तिथं मी आयुष्यात एकदाच 'होय' म्हटलं, आणि तेही माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत.

माझं माहेर देवबागचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधल्या वाळूच्या पट्टीवर आमची घरं. लग्न होऊन मी मसुऱ्याला गेले आणि तिथल्याच शाळेला लागले. नवरा गेल्यापासून त्या घरात एकटीच असते. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. तो दहावीच्या पुढे शिकला नाही, पण इंजिनाचा नुसता आवाज ऐकून त्याचं कुठं दुखतंय ते सांगायचा. लोक लांबून त्याला बोलवायला यायचे. बापाची जुनी होडी मोडीत निघाल्यावर त्यानं फायबरची होडी घेतली, तिला डिझेलचं इंजिन बसवलं. भागीदार होता मालवणच्या बंदराकडचा एक मुसलमान मासेमार, त्याच्याच वयाचा. दोघं पंचवीस वर्षं एका होडीवर. एकाला शिंक आली की दुसरा नाक पुसायचा, असं भावजय म्हणायची.

पाण्याचं खूळ भावाच्या डोक्यात शिरलं ते मोबाईलमुळे. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, माणसाला हाताला काम नसतं. तेव्हा तो व्हिडिओ बघायला लागला. कोण कुठले लोक त्यात सांगत होते की पाण्याच्या प्रत्येक रेणूत प्रचंड शक्ती कोंडलेली आहे, रेणूची रचना मोडता आली की ती बाहेर येते, आणि हे जगापासून लपवून ठेवलंय. एका दुपारी तो मोबाईल घेऊन माझ्याकडे मसुऱ्याला आला. पेजेची ताटली बाजूला सारून म्हणाला, "अक्का, पाण्याच्या कणात दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. बरोबर?"

"बरोबर."

"ते एका रेषेत नसतत. वाकडे आसत. एकशे साडेचार अंशांचो कोन. बरोबर?"

भूमितीच्या तासाला जो पोरगा खाडीवर पळून जायचा, तो मला पाण्याच्या रेणूतला कोन सांगत होता. खरं सांगते, मला अभिमान वाटला.

"मगे तो कोन कोणीतरी जोर लावन धरलेलो आसतलो," तो म्हणाला. "स्प्रिंग वाकवून ठेवल्यासारखो. तो सोडवलो तर आतलो जोर भायर येतलो. मी काय चुकतंय?"

प्रश्न चांगला होता. माझ्या वर्गात तीस वर्षांत कुणी तो विचारला नव्हता. मी त्याला नीट सांगितलं, की ही वाकवलेली स्प्रिंग नाही, सुटून शांत पडलेली स्प्रिंग आहे. हायड्रोजन जळतो तेव्हा पाणी होतं. जी काय शक्ती द्यायची ती देऊन झाल्यावर जे उरतं ते पाणी. वीज घालून तू ते परत फोडशील, गॅस मिळेल, तो पेटेलही. पण जेवढं घातलंस त्याहून थोडं कमीच हाती येईल. "चुलीतली राख कधी पेटवून बघितलंस काय रे?" मी विचारलं.

"राखेत बांगडो भाजता गो," तो म्हणाला आणि हसला.

मलाही हसू आलं. तो जायला निघाला तेव्हा दारात थांबून म्हणाला, "रोज दर्यात जातंय मी. ता पाणी होडयेक कसा उचलता ता माका म्हायत आसा. तेच्यात बळ नाय असा तू सांगतंस, पण माझ्या हातांका ता पटणा नाय." मी त्याला भरती-ओहोटीचं आणि वाऱ्याचं सांगायला गेले, पण तो एसटी गाठायला निघून गेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले तर मागच्या पडवीत त्याचा कारखाना उभा. पाणी गाळायच्या फिल्टरचा जाड प्लॅस्टिकचा डबा, आत भावजयीच्या रुखवतातल्या स्टीलच्या ताटांच्या कापलेल्या पट्ट्या, पाण्यात कॉस्टिक सोडा, झाकणातून दोन वायरी बॅटरीला आणि एक नळी. नळीचं तोंड त्यानं साबणाच्या पाण्यात बुडवलं, बुडबुडे आले, त्यावर काडी धरली. बंदुकीसारखा बार झाला. शेजारची चार माणसं जमली होती, ती मागे सरली आणि मग कौतुकानं हसली. ही नळी तो इंजिनाच्या हवेच्या तोंडाला जोडणार होता. मग डिझेल नावापुरतं लागेल, असं त्याचं म्हणणं.

माझी नजर झाकणावर गेली. वायरीचे स्क्रू झाकणातच बसवलेले, सैल. वरच्या पोकळीत गॅस जमणार. एक ठिणगी पडली की डबा फुटणार आणि आतलं कॉस्टिक बघणाऱ्याच्या तोंडावर येणार. शाळेत कॉस्टिकची बाटली मी पोरांच्या हाताला लागू देत नसे. ॲसिडनं कातडी जळते, कॉस्टिक डोळ्यात आत आत शिरत जातं. हे मला त्याच क्षणी दिसलं होतं. मला दिसलंच नाही, असं मी म्हणू शकत नाही.

पण मी ते सांगितलं कसं? रागात मी प्रमाण मराठीत बोलते, वर्गातल्यासारखी. भावाला ते लहानपणापासून खुपतं. चार माणसांसमोर, त्याच्या भागीदारासमोर मी म्हणाले, "या डब्यात तुझं डोकं दिसतंय. दहावी नापास माणसानं विज्ञानाच्या वाटेला जाऊ नये. उद्या हा फुटेल तेव्हा कळेल." तो नापास नव्हताही, काठावर पास होता.

त्याचा चेहरा उतरला. डब्यावर फडकं टाकून तो म्हणाला, "अक्का, तू आता घराक जा."

फुटेल म्हणून मी बोलले ते शापासारखं निघालं तोंडातून. असं बोललेलं कुणी सूचना म्हणून ऐकतं का? मी पिशवी उचलून निघाले. त्यानंतर चार महिने आमचं बोलणं बंद. आंबे आले नाहीत, फणस आला नाही, कोकमाच्या सोलांची बरणी आली नाही. मी फोन उचलायचे आणि ठेवून द्यायचे. एकटं राहणाऱ्या माणसाला भाऊ म्हणजे काय, ते मला त्या चार महिन्यांत कळलं. घरात तोंड उघडायला माणूस नव्हतं, आणि ज्याच्याशी उघडायचं त्याला मीच तोडून टाकलं होतं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भावजयीचा फोन आला. "वन्सं, राखी बांधूक तरी येवा. तो डबो आता होडयेर चढलो. उद्या पूजा झाली की परवा घेवन जातले. माझा ते ऐकनत नाय. तुमी सांगल्यात तर ऐकतले." आणि मग हळूच, "पण भांडा नको."

मी रात्रीच ठरवलं. हिशेब दाखवायचा नाही, रेणू नाही, कोन नाही. त्याला बाजूला घेऊन, आमच्याच बोलीत एवढंच सांगायचं, की तुझं खरं असो नाहीतर खोटं, पण तो डबा होडीवरून उतरव, तुझ्या डोळ्यांवर येईल. एक वाक्य. पाठ केल्यासारखं घेऊन गेले.

दारात पाय ठेवला आणि तो आतून धावतच आला. माझी पिशवी घेतली, हात धरून आत नेलं. "अक्का इली," हे त्यानं मागच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. मी राखी बांधली. त्याच्या मनगटाला डिझेलचा वास येत होता, नेहमीसारखा. तो पाया पडला तेव्हा माझं वाक्य राहून गेलं. जेवताना सांगू म्हटलं. जेवताना माणसं होती. मग म्हटलं, पूजेच्या आधी किनाऱ्यावर सांगू.

किनाऱ्यावर वाडीतली सगळी जमली होती. होडीला हार, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कुंकू, आणि इंजिनाशेजारी तो डबा, त्यालाही हळद-कुंकू लावलेलं. भागीदार दरवर्षीसारखा नारळाची पिशवी घेऊन थोडा बाजूला उभा. मी भावाच्या दिशेनं दोन पावलं टाकली तेवढ्यात वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकानं देवाला मोठ्यानं सांगायचं आणि प्रत्येक ओळीला बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. त्यात नाही म्हणायची सोय नाही. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं आधी म्हणावं, गाऱ्हाणं झालं की विषय मिटला. देवासमोर सगळ्यांनी होय म्हटलेलं असतं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान दर्याक नारळ दिल्यान हा."

"होय म्हाराजा."

"पाण्यावर इंजिन चलवचो जो काय नयो मार्ग तेना धरल्यान, तेका यश दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"तेची शिकलेली, जाणती भैण हय उभी आसा. तिच्या साक्षीन ह्या काम होता हा. काय चुकला माकला तर सांभाळून घी रे म्हाराजा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. भाऊ माझ्याकडे बघत होता. चार महिन्यांनी तो माझ्याकडे असा बघत होता, लहानपणी खाडीतून खेकडा पकडून आणल्यावर बघायचा तसा. आणि मी म्हटलं, "होय म्हाराजा."

सवयीनं तोंडातून गेलं, असं मी पुष्कळांना सांगितलं. ते खोटं आहे. मला भाऊ परत हवा होता. आणि सगळ्या वाडीसमोर म्हाताऱ्यानं मला जाणती म्हटलं, ते मला आवडलंही होतं. आता 'नाही' म्हटलं तर पुन्हा चार महिने, कदाचित कायमचं, हा विचार मी त्या एका श्वासात केला. माझ्या एकटेपणाला मी त्याच्या डोळ्यांपेक्षा जड मानलं. लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं.

निघताना मी त्याला म्हणाले, "सांभाळून रे. त्या झाकणाकडे वाकून बघू नको."

"तू होय म्हटलंस ना? मगे आता कसली भीती," तो म्हणाला आणि मला एसटीपर्यंत सोडायला आला.

दुसऱ्या दिवशी होडी गेली नाही, वारा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. दहाच्या सुमाराला भावजयीचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं, मागून कुणीतरी सांगितलं.

झालं ते असं. होडी खाडीच्या तोंडातून बाहेर पडली, इंजिन झकास चालत होतं. चालणारच, डिझेल होतं त्यात. काही वेळानं नळीतले बुडबुडे कमी झालेसे वाटले म्हणून भाऊ डब्याजवळ वाकला आणि वायरीचा स्क्रू हलवून बघितला. डबा फुटला. भागीदारानं सुकाणू सोडलं, भावाचं डोकं मांडीवर धरलं, प्यायच्या पाण्याचा सगळा कॅन त्याच्या डोळ्यांवर ओतला आणि तो संपल्यावर टमरेलानं समुद्राचं पाणी ओतत राहिला. भाऊ ओरडत होता, हात झटकत होता, पण त्यानं धरून ठेवलं. शेजारची होडी येऊन दोरीनं ओढून नेईपर्यंत तो ओततच होता.

गोव्याला न्यायचं ठरलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी भावाच्या उशाशी, भावजय पायाशी, भागीदार ड्रायव्हरशेजारी. त्याचे कपडे अजून ओले होते. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर ट्रकांची रांग होती, तो खाली उतरून धावत पुढे गेला आणि वाट करून घेतली. भाऊ पट्टीखालून एकदाच बोलला, "अक्का आसा काय?" मी त्याचा हात धरला. राखी अजून होती मनगटावर, भिजलेली.

डॉक्टरांनी सांगितलं, उजवा डोळा गेला. डाव्यात उजेड आणि सावली एवढंच राहील. तेवढंही राहिलं ते लगेच आणि इतका वेळ धुतलं म्हणून.

ते ऐकून भागीदार बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मी त्याच्याशेजारी बसले. मला त्याचे आभार मानायचे होते. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "बाई, माका त्या डब्याची भीती वाटा होती. इतकी वर्षां तेच्या वांगडा आसंय, पण असला कायतरी कधी होडयेर चढवक नव्हता. त्या दिवशी गाऱ्हाण्याआधी मी तेका थांबवतलंय होतंय. मगे बघलंय तर तुमी इलेल्यात. म्हटलं, बाई आसत, काय वाईट आसला तर त्याच बोलतील. आणि तुमी होय म्हटल्यात. म्हणान मी गप रवलंय."

त्याच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. जे झालं ते तो सांगत होता. आभार मानायचे राहिलेच. त्यानं माझ्यासाठी चहा आणला, तोही मी थंड होऊ दिला.

आता मी महिन्यातले निम्मे दिवस देवबागला असते. होडी भागीदार एका माणसाला घेऊन चालवतो, मासळीतला वाटा पहिल्यासारखाच घरी येतो. भाऊ पुढच्या पडवीत बसतो. फाटलेली जाळी हातानं चाचपून शिवतो, गाठी अजून डोळस माणसापेक्षा घट्ट बसतात. त्याची चिडचिड झाली नाही. झाली असती तर मला बरं वाटलं असतं. तो पाण्याविषयीही बोलत नव्हता. मी मुद्दाम विषय काढत नव्हते, आणि आता कुणाला काही शिकवायची उमेदही राहिली नव्हती.

मागच्या आठवड्यात दुपारी तो आपणहून म्हणाला, "अक्का, ता पाण्याचा माका परत एकदा सांग. सावकाश सांग."

मी जाळ्याची तीन बोयरी घेतली, तरंगायला लावतात ती, एक मोठं आणि दोन लहान. माडाच्या हिराचे, म्हणजे झावळीतल्या काडीचे, दोन तुकडे केले आणि तिन्ही जोडली. कोन अंदाजानं बरोबर केला आणि ते त्याच्या तळव्यावर ठेवलं. त्यानं बोटांनी सगळीकडून चाचपलं. मोठं बोयरं, मग एक हीर, मग दुसरा. मधल्या कोनात अंगठा ठेवून तो कितीतरी वेळ बसला.

"होच तो कोन?"

"होच."

"हेका कोणी वाकवून धरूक नाय?"

"नाय रे. तो असोच बसता. दमान घराक येवन बसलेल्या माणसासारखो."

"मगे तेच्यात देवक कायच उरूक नाय."

"नाय."

त्याला पटलं. पहिल्यांदा, माझ्या आवाजावरून नव्हे, त्याच्या हातांना पटलं. मला त्याच्या बाजूला बसून रडावंसं वाटलं. तो बोयऱ्यांचा तो रेणू हातात फिरवत होता. मग त्यानं माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"तुका ह्या त्या दिवशीय म्हायत होता. किनाऱ्यार."

"म्हायत होता," मी म्हणाले. "आणि तो डबो फुटतलो, ताय म्हायत होता. तू परत बोलणा टाकशीत, म्हणान सांगूक नाय."

त्यानं तो रेणू मांडीवर ठेवला. आतून भावजयीचा नारळ किसण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"टाकला असता," भाऊ म्हणाला. "वर्षभर तुझ्याशी बोलणा टाकला असता गो अक्का. पण आज तुझा तोंड तरी दिसला असता."